नाकावरचं दव

आमच्या घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, त्यामुळे शांतता म्हणजे काय ते मला लहानपणी फक्त शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला कळायचं. बाकीचे सहा दिवस खटखट चालूच. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, परीक्षेचा अभ्यास करायचो, आणि आवाज आहे हेच विसरून जायचो. मी आजही जरा मोठ्यानेच बोलते. लोकांना वाटतं मी चिडले आहे. कधीकधी मी खरंच चिडलेली असते.

दुसरी गोष्ट रुईची. मागांमधून उडणारी कापसाची ती बारीक धूळ भिंतीच्या झरोक्यांतून बाहेर यायची आणि दुपारच्या उन्हात तरंगत राहायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, विजेच्या तारांवर, सगळीकडे पांढरं पांढरं. गल्लीतली कोळिष्टकं तर लोकरीची विणल्यासारखी जाड झालेली असायची. मी शाळेतून आले की मागच्या दारात बसून ती रुई बघत बसे. ती खाली पडायचीच नाही. बघता बघता मला वाटायचं, आपणच हळूहळू वर चाललो आहोत.

दोन हजार साल उलटलं त्या सुमाराची ही गोष्ट. मी आठवीत होते. गावाबाहेरची आमची शेती गोदामांसाठी गेली आणि तिच्यामागून घरची गुरंही गेली. आधी बैलजोडी, मग एक म्हैस, मग दुसरी. घरामागचा गोठा तेवढा राहिला. बाबा पहाटे उठायचे ते उठतच राहिले, पण उठून करायचं काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिकाम्या दावणीपाशी थोडा वेळ उभे राहायचे, मग ओट्यावर येऊन बसायचे आणि दिवसभर जवळजवळ बोलायचेच नाहीत. आई म्हणायची, होईल सवय. मला मात्र त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

अशात ससा आला. आमच्या मागच्या खोलीत लूमवर काम करणाऱ्यांचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. ते सुरतेला चालले होते. जायच्या दिवशी त्या घरची बाई एक टोपली घेऊन दारात आली. टोपलीत पांढरा ससा होता, कानांच्या टोकांना राखाडी.

"बिटिया, गाडी में कहाँ ले जाएँगे इसको? तुम रख लो," ती मला म्हणाली. "तुम्हारे पापा को जानवर की समझ है."

बाबा ओट्यावर बसून हे ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये काय जनावर हाय? मुठीत मावंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला गोठ्यातून बोलण्याचा आवाज आला. बाबा उकिडवे बसले होते आणि सशाच्या नाकाला बोटाची मागची बाजू लावून बघत होते, म्हशींना बघायचे तसंच. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही तपासणी. गुराच्या नाकावर सकाळी दव असलं की जनावर ठणठणीत. नाक कोरडं पडलं की ताप, मग त्या दिवशी नांगर नाही, उन्हात सोडणं नाही.

"दव हाय," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. "मजेत हाय बेटा."

त्या दिवशी ते जेवताना दोनदा बोलले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि ससा आमचा झाला.

त्याला झोपायला काय द्यायचं हा विचार मी केला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. कारखान्यात मागांखाली साठलेली रुई रोज झाडून पोत्यात भरत. त्यातलं एक पोतं मी मागून आणलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात इतकी मऊ गादी केली, की मलाच तिच्यावर निजावंसं वाटलं. पांढऱ्या रुईत पांढरा ससा बसला की तो कुठे सुरू होतो आणि रुई कुठे संपते ते कळायचं नाही. फक्त नाक हलताना दिसायचं. ते सारखं हलायचं, झोपेतही. संध्याकाळी मी गृहपाठाची वही मांडीवर ठेवून त्या नाकाकडे बघत बसायची आणि वहीत एक अक्षर लिहून व्हायचं नाही.

महिनाभर गेला असेल. त्याचं नाक जरा जास्तच ओलं राहायला लागलं होतं. बाबा त्यावर खूश. "बघ, दव कसा धरलाय!" तो शिंकायचाही, म्हणजे शिंकत असणार, पण लूमच्या आवाजात ससा शिंकला काय आणि न शिंकला काय. शिवाय आमच्या गल्लीत शिंकणारं कोणी नवलाचं नव्हतं. सगळेच शिंकत. पुढच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूचे केस ओले होऊन चिकटले आहेत, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, पाण्याच्या वाटीत पाय घालतो, गाढव.

मग एक शुक्रवार आला. लूम बंद. कशी कोण जाणे, पण त्या दिवशी गोठ्यातली शांतता वेगळी होती. मी सशाजवळ बसले आणि मला तो आवाज ऐकू आला. बशीतला शेवटचा चहा कोणी सुरसुर ओढावा, तसा. मी इकडेतिकडे पाहिलं. तो आवाज सशाच्या नाकातून येत होता. किती दिवस येत होता, देव जाणे. आदल्या संध्याकाळी ठेवलेली कोथिंबीर तशीच सुकून पडली होती. नाकाखाली पांढरं, घट्ट काहीतरी होतं, ते मला रुईच वाटलं. पुसायला गेले तर चिकटलं.

मी बाबांना हाक मारली. ते आले, बोट लावून पाहिलं. "दव तं हाय," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

आणि मी, तेरा वर्षांची शहाणी, फटकन म्हणाले, "बाबा, गुरांचं दव गुरांपाशी! हा ससा आहे, म्हैस नाही."

बाबांनी हात मागे घेतला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी सशाला गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली.

जनावरांच्या दवाखान्यात पुढे एक तबेल्यातली म्हैस होती, मग आम्ही. डॉक्टरांनी ससा टेबलावर घेतला. मला वाटलं, नाक बघतील. त्यांनी आधी पुढचे पाय उलटे करून पाहिले.

"हे किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मला वाटलं पाण्यात भिजतात."

"नाक पुसतोय तो पायांनी. ससा आजार दाखवत नाही. दाखवला तर जंगलात त्याला कोणीतरी उचलून नेईल, म्हणून लपवतो. नाक पुसून साफ ठेवतो. त्याच्या पायांवर मात्र सगळं राहतं." ते बोलता बोलता नाक साफ करत होते. "थोडंसं ओलं नाक काही वाईट नाही. पाणी पितो, गरम होतं, चालायचं. पण ओलं राहायलाच लागलं, घट्ट पांढरं यायला लागलं, शिंका, श्वासाला आवाज, तर मग थांबायचं नाही. सशाला तोंडाने श्वास घेणं जमत नाही. नाक बंद झालं की तो खाणार कसा? झोपतो कशावर?"

"रुईवर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

डॉक्टरांनी हात थांबवला. "तुमच्या गल्लीत माणसं शिंकतात का?"

"सगळीच."

"मग हा तर त्या रुईतच झोपतो," ते म्हणाले. इंजेक्शन दिलं, थेंबांचं औषध दिलं, आणि बाबांकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत याने खायला पाहिजे आणि लेंड्या टाकायला पाहिजेत. सशाचं पोट थांबलं की काही खरं नाही."

घरी येऊन मी आणि आईने गोठा झाडला, धुतला, फडक्याने कोरडा केला. रुई पोत्यात परत भरताना मला रडू येत होतं आणि शिंकाही येत होत्या. माळ्यावर जुना पेंढा उरला होता, तो झटकून अंथरला. बाबा आत आले नाहीत. ते ओट्यावर जाऊन बसले. औषध पाजायला हाक मारली तर म्हणाले, "मना न्हाय कलत त्यातला. तूच बघ."

ससा मेला असता तर मला वाईट वाटलंच असतं. पण त्या दुपारी मला खरी भीती वाटत होती ती त्या वाक्याची. ससा गेला तर बाबा पुन्हा त्या ओट्यावर गप्प बसतील आणि या वेळी उठणारच नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. आणि त्यांना तिथे बसवलं होतं मीच, माझ्या त्या फटकन बोलण्याने.

मी सशापुढे गाजर ठेवलं, भाकरीचा तुकडा ठेवला, कोबीचं पान त्याच्या तोंडाला लावलं. त्याने तोंड फिरवलं. प्रत्येक वेळी फिरवलं. ऊन कलायला लागलं तेव्हा मी ओट्यावर गेले आणि बाबांच्या शेजारी बसले. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण ते जमलं नाही. मी विचारलं, "बाबा, वासरू खात नसलं की तुम्ही काय करायचात?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग उठले आणि कुठेतरी निघून गेले. मला वाटलं, चिडले. अर्ध्या तासाने आले ते हातात हरळीची जुडी घेऊन. बुंध्याची माती धुतलेली, पातं न् पातं टॉवेलने पुसलेलं. ते थेट गोठ्यात गेले आणि सशाकडे पाठ करून मांडी घालून बसले. गवत स्वतःच्या मांडीवर ठेवलं. एक काडी तोंडात धरली आणि चावायला लागले.

"त्याच्या तोंडाशी नको नेऊ," ते हळूच म्हणाले. "त्याच्याकडं बघूबी नको. आपण खातंय असा दाखवाचा आनं गप बसाचा."

मीही एक काडी तोंडात घेतली. हरळी गोडसर लागते, हे मला त्या दिवशी कळलं. झरोक्यातून तिरपं ऊन येत होतं, त्यात रुईचे दोनचार तंतू तरंगत होते, आणि आम्ही दोघं बापलेक भिंतीकडे तोंड करून गवत खात बसलो होतो. आई दारात आली, आमच्याकडे पाहिलं आणि परत गेली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बाबांच्या कोपराशी काहीतरी हललं. ससा मांडीपर्यंत आला, थांबला, सुरसुर श्वास घेतला, आणि एक पातं ओढून नेलं. आम्ही मान वळवली नाही. मला चावण्याचा आवाज ऐकू आला. लूम चालू असते तर आलाच नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तळहातावर पाच लेंड्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "टाकल्या!" आई किंचाळली, "अहो, बाहेर व्हा आधी!" आणि मग पदर तोंडाला लावून हसत राहिली.

ससा त्यानंतर बरीच वर्षं जगला. बाबा रोज पहाटे गोठ्यात जायचे, पण नाकाला बोट लावायचे नाहीत. पुढचे पाय हातात घेऊन उलटे करून बघायचे. "सुकं हायत," ते मला सांगायचे, आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. म्हातारा होऊन तो गेला तेव्हा बाबांनी त्याला गोठ्याच्या मागे पुरलं. तिथे हरळी छान वाढली.

शिक्षण संपवून मी काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात लागले. वर्षभराने त्यांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी सांगायचं धाडस झालं नाही. मी रोज डबा घेऊन ड्युटीच्या वेळेला निघायची, दिवसभर इकडेतिकडे काढायची आणि वेळेवर परत यायची. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, तिथे रडलेलं तोंड धुऊन, ओढणीला पुसून, केस नीट करून, हसत घरात शिरायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा ओट्यावर होते. मी म्हणाले, "आज काम फार होतं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, बोटांनी चाचपलं.

"वली हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सरकून मला जागा दिली. पायरीच्या फटीतली हरळीची एक काडी उपटली, तोंडात धरली आणि गल्लीकडे बघत चावत बसले. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने मी सांगायला लागले. पलीकडे लूम चालू होते, त्यामुळे सगळं मोठ्याने सांगावं लागलं.