सिद्धप्पाच्या भाकड गाई

सिद्धप्पा गाईच्या मागच्या बाजूला कधी जात नसे. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. शेण उचलायची त्याची बायको काशम्मा. शेपटीखाली गोचीड दिसला तर तोही तीच काढायची. सिद्धप्पा पुढे उभा राहून गाईची गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बसे.

१९३३ साली साहित्य घेऊन बी. ए. झालो आणि पुण्याहून सोलापूरला परत आलो. नोकरी मिळेना. घरात बसवेना म्हणून रोज हिप्परग्याच्या तलावाकडे चालत जाऊ लागलो. तिथे एका माळावर बोरीच्या काट्यांच्या कुंपणाआड दोन हडकुळ्या गाई दिसल्या. आत एक म्हातारा डोक्याला फडके गुंडाळून बसला होता.

"मुकुंदराव न्हवं?" तो म्हणाला. "पहिल्या धारेचा पेला."

मग सिद्धप्पाला ओळखले. लहानपणी तो आमच्या दारात गाय आणून उभी करायचा आणि समोर धार काढून द्यायचा. माझा पेला वेगळा असे. पहिली धार त्यात पडे. फेसाची मिशी ओठावर घेऊन मी गल्लीत हिंडायचो. आम्ही सगळी मुले त्याला अण्णा म्हणत असू.

तीस वर्षे तो धोंडीराम गवळ्याच्या गोठ्यात धारा काढत होता. मग अंगठ्यांची पेरे सुजली. मूठ वळेना. ज्याची मूठ वळत नाही त्याला गोठ्यात काम नाही. निघताना काय देऊ, असे धोंडीरामने विचारले. बाजारात न्यायला काढलेली एक भाकड गाय दारात बांधलेली होती. सिद्धप्पाने ती मागितली. पुढे गोठ्यातली गाय आटली आणि पुन्हा गाभण राहीना, की धोंडीराम ती त्याच्याकडे धाडू लागला. आपल्या दावणीची गाय कसायाच्या सुरीखाली गेली, असे कानावर येणे त्यालाही नको असे.

माळ काशम्माच्या माहेरचा, दीड एकर. तिचा भाऊ कडबा टाकून जाई. काशम्मा गोवऱ्या थापून शहरात विकायची. भाकड गाईंच्या शेणावर दोघांची भाकरी चालली होती.

"तुमच्या पुस्तकात बी भाकड असत्यात की," अण्णा एकदा म्हणाला.

"त्या कशा?"

"भाकडकथा. आटलेली गोष्ट. पिळली तरी काय निघत न्हाय." आणि तो एकटाच हसला.

"ह्यांची बी तीच गत," काशम्मा गोवरी थापता थापता म्हणाली. "तीस वर्सं ऐकते मी."

मला तिथे बरे वाटे. अण्णाला गाई एकमेकींत बसवताना बघणे हे माझे त्या दिवसांतले काम होते. नवी गाय आली की दोन दिवस ती कुंपणाबाहेर. आतल्या गाईंनी तिला लांबून हुंगायचे. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगाला एकाच चुलीची राख चोळायची, म्हणजे सगळ्यांचा वास एक. वैरण एका जागी टाकायची नाही, ढीग करायचे, आणि गाई जितक्या त्यापेक्षा एक ढीग जास्त. मोरी नावाची थोराड गाय कळपाची म्होरकी होती. ती नवीला ढुशी देऊन तिच्या ढिगावरून उठवायची. उठलेली गाय दुसरीला उठवायची. शेवटी जी उठायची तिला तो जादा ढीग. "कुणी उपाशी ऱ्हायचं न्हाय. मानपान असू द्या त्यांचा," अण्णा म्हणे.

चंद्री आली ती चैत्रात. पांढरी, कपाळावर चांद. तिला आत घेतल्यावर मोरीने ढुशी दिली. चंद्री हलली नाही. दुसरी ढुशी बरगडीत बसली. तरी ती शहराकडे तोंड करून उभीच. कडब्याला तोंड लावीना. सरकी पुढे केली, गूळ लावून पेंड पुढे केली. हुंगून मान वळवली. इतर गाई तिच्याभोवतीने अशा जात की जणू तिथे गाय नसून खांब आहे.

चौथ्या दिवशी तिचे पोट खपाटीला गेले. अण्णाही जेवत नव्हता.

मी सहज विचारले, "अण्णा, तुम्ही त्यांच्या मागे का जात नाही?"

 चंद्रीकडे बघतच तो म्हणाला, "गवळ्याच्या गोठ्यात वासरू जगवत न्हाईत, मुकुंदराव. दूध त्यानं प्यालं तर इकायचं काय? वासरू मेलं की गाय पान्हा सोडत न्हाय. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरायचा, मीठ चोळायचं, आन् म्होरं धरायचं. गाय चाटती. सोडती पान्हा."

"आणि नाहीच सोडला तर?"

"बांबूची नळी. मागनं घालायची, हवा फुंकायची. फुंका म्हनत्यात त्याला. गाय वाकती, डोळं पांढरं करती, आन् दूध सोडती. दोन-तीन वर्सं असं केलं की गाय आतनं खलास. फिरून गाभण ऱ्हात न्हाय." त्याने सुजलेला अंगठा दुसऱ्या हाताने दाबला. "फुंकणारा मीच हुतो. ह्या समद्यांस्नी. हिच्यावर तर लई केलंय. मागं उभा ऱ्हायलो की अजून थरथरत्यात."

 ते दूध मी प्यालो होतो. माझा पेला वेगळा असे.

"ही एक खाईना तर काय उपेग," अण्णा म्हणाला. "बाकीच्या खात्यात. पर ही खाल्ली पायजे. हिनं हितं माझ्या हातचं खाल्लं पायजे."

पाचव्या दिवशी तो शहरात गेला. परतला तेव्हा त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते. सोडले तर पेंढा भरलेले वासरू. तांबूस, नवे, पायांच्या जागी काठ्या.

"चंद्रीचं जुनं उंदरांनी खाल्लं," तो म्हणाला. "हे धोंडीरामनं दिलं. आठ दिवसामागं एक वासरू गेलं, त्याचं. तिला असंच लागतंय म्होरं. सवय हाय. न्हाय तर ती खायची न्हाय."

काशम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेल्या लेकराचं कातडं ते. तिथं फसवलं ते फसवलं, हितं बी फसवायचं?"

"खाऊ दे गं तिला."

"किती येळा?"

"हे एकदाच."

काशम्मा आत गेली. वासरू कशाने मेले, हे त्या दोघांपैकी कोणाच्या मनात आले नाही. गवळ्याच्या गोठ्यात ते कोणी विचारीत नाही. तिथे वासरे मरतातच, आणि कशाने ते सगळ्यांना ठाऊक असते. धोंडीरामनेही कोणाला विचारले नसेल. मी पुस्तके वाचलेला. माझ्याही मनात आले नाही.

अण्णाने मिठाचे पाणी करून कातड्याला चोळले. चंद्रीच्या तोंडापुढे वासरू धरले आणि ओठ मिटून घशातल्या घशात एक सूर लावला. धार काढतानाचा सूर. मी तो लहानपणी ऐकलेला होता.

चंद्रीने नाक पुढे केले. मान मागे घेतली. पुन्हा पुढे केले. मग ती चाटू लागली.

चाटता चाटता तिच्या तोंडाला लाळ सुटली. अण्णाने वासराच्या पाठीवर कडब्याची एक पेंडी ठेवली. चंद्रीने पेंडीतले एक धाट ओढले आणि चावले. त्या कडब्याचा करकर आवाज झाला तेव्हा काशम्मा दारात येऊन उभी होती. पाण्याची बादली भरून तिने चंद्रीपुढे सारली.

मग मोरी आली. ढुशी देईल म्हणून मी काठी उचलली. अण्णाने हाताने थांबवले. मोरीने वासराची दुसरी बाजू हुंगली आणि चाटायला लागली. तिच्या मागून पवळी, बांडी, कपिली. सगळ्या त्याच गोठ्यातल्या. सगळ्यांना तो मिठाचा वास ठाऊक होता. पाच गाई डोक्याला डोके लावून उभ्या राहिल्या. चार महिने राख चोळून जे झाले नव्हते, ते अर्ध्या घटकेत झाले.

अण्णा हळूहळू चंद्रीच्या कुशीपाशी सरकला. तिथून मागे गेला. तळवा तिच्या माकडहाडावर ठेवला. चंद्रीची कातडी एकदा थरारली. शेपटी हलली नाही. ती चाटत राहिली. अण्णाने हात काढला नाही. ऊन चढले तरी काढला नाही.

चार दिवस असे गेले. चंद्री ओढ्यापर्यंत कळपाबरोबर जाऊ लागली. तिच्या मागून अण्णा चालायचा. काशम्मा म्हणाली, "आता शेण बी तुमीच उचला." त्याने उचलले.

पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा पवळी पडलेली होती. सकाळी तिने वैरण खाल्ली होती. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, नाकातून काळे रक्त. रक्त गोठत नव्हते. मातीवर तसेच पातळ पसरत होते. अण्णाने चाऱ्यात विषारी काही आले म्हणून सगळा कडबा उपसून पाहिला. दुपारी मोरी चरता चरता गुडघ्यावर बसली आणि उठली नाही.

मी शहरात धावत जाऊन ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी रक्त पाहिले आणि मागे सरले.

"नवीन काय आणलंत इथं?"

 काशम्माने बोट केले. वासरू खांबाला टेकवून ठेवले होते. त्याच्या पाठीवरचे केस चाटून गुळगुळीत झाले होते.

"फाशी," डॉक्टर म्हणाले. "वासरू फाशीच्या रोगानं मेलं असणार. त्या रोगाचं बीज कातड्यात मरत नाही." त्यांनी उरलेल्या तिघींना लस टोचली. उशीर झाला आहे, हेही सांगितले. मेलेल्या गाईंचे कातडे काढायचे नाही, सहा हात खोल पुरायचे, वर चुना टाकायचा. वासरू जाळायचे. कातडे मिळायचे नाही म्हटल्यावर मेलेली ढोरे ओढून नेणाऱ्यांना येऊन उपयोग नव्हता. खड्डे आम्हीच खणले. काशम्माचा भाऊ, काशम्मा, मी आणि अण्णा. तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पहार उडून येई. माझे तळहात पहिल्या खड्ड्यालाच सोलले. एक खड्डा पुरा होईपर्यंत दुसरी गाय पडे. बांडी गेली. कपिली गेली.

चंद्री शेवटपर्यंत चांगली होती. रोज खाई. बाकीच्या नाहीत हे तिच्या ध्यानात आले असावे. ती रिकाम्या माळावर फिरून प्रत्येक ढीग हुंगे. अण्णाने आता एकच ढीग घालायला हवा होता. तो सहा घाले. ती रात्र काढते की नाही एवढेच आमचे बोलणे उरले होते. वासरू आल्यापासून नवव्या दिवशी सकाळी अण्णा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. ती त्याच्या हाताखालीच खाली गेली.

"मी पाठी हुतो," तो म्हणाला. "तिला दिसलो न्हाय."

तिला पुरताना मी त्याच्या मनगटावर काळी खपली पाहिली. काळपुळी होती. माणसाला हा रोग असा येतो. तो महिनाभर दवाखान्यात होता. वाचला. उजव्या हाताची दोन बोटे मिटायची बंद झाली. मी रोज भेटायला जाई. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. एकदाच त्याने विचारले, "कातड्याला मीठ मीच चोळलं न्हवं?" मी नाही म्हणालो असतो, तर त्याला खरे वाटले नसते. मी त्याचे पांघरूण सारखे केले.

दवाखान्यातून तो घरी आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात धोंडीरामचा गडी बिरप्पा एक गाय घेऊन कुंपणाशी आला. करड्या रंगाची, लहान शिंगांची. मी तिथेच होतो.

"मालकानं धाडलीया," बिरप्पा म्हणाला.

"मालकास्नी ठावं न्हाय व्हय हितं काय झालं?" काशम्माने विचारले.

"ठावं हाय की. म्हनले, इचारून तर बग. घेत न्हाईत म्हनले तर बाजारला ने."

माळावर कोणी चरत नव्हते, म्हणून गवत वाढले होते. पाण्याची दगडी दोण भरलेली होती. पक्षी पितील म्हणून काशम्मा ती भरत असे. गाईला पाणी दिसले. ती दाव्याला हिसका देऊन कुंपणातल्या वाटेत शिरू लागली.

अण्णा उठला. डॉक्टरांनी सांगितले होते, ह्या मातीत आता कैक वर्षे ढोर बांधायचे नाही. चरायला सोडायचे नाही. रोग मातीत राहतो. अण्णा वाटेत दोन्ही हात पसरून उभा राहिला. गाय त्याच्या छातीवर डोके घासू लागली. तो मागे रेटला जात होता, पण बाजूला होत नव्हता.

"अण्णा, मी धरू का दावं?" मी म्हणालो.

"तुमी नगं." मग बिरप्पाला, "लांबनं आलीया. प्यायला लागंल तिला."

काशम्माने घरातल्या प्यायच्या दोन घागरी बाहेर आणल्या आणि रस्त्यावर एका लोखंडी पाटीत ओतल्या. बिरप्पाने गाय वळवली. तिने दोन्ही घागरी संपवल्या. पाटी चाटली. पुन्हा माळाकडे तोंड केले.

"न्हेऊ मग?" बिरप्पाने विचारले.

सिद्धप्पा वाटेतून हलला नव्हता. हात अजून पसरलेले होते.

"ने," तो म्हणाला.