आईच्या वाट्याला आलेलं नाव

गावची पहिली मतदारयादी मी केली, हे मी आयुष्यभर फुशारकीनं सांगत आलो. ती कशी केली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो. सांगायची लाज वाटते, पण न सांगता मरायची त्याहून जास्त वाटते.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं होतं. बेंबळीच्या पुढं चार कोसांवर आमचं गाव आणि गावच्या एकखोली शाळेचा मी मास्तर. वय तेवीस, उर्दू शाळेतून सातवी पास, त्यामुळं स्वतःला दिवाणाच्या खालोखाल समजणारा. एक दिवस तहसिलीतले गिरदावरसाहेब, म्हणजे तलाठ्यांवरचे अंमलदार, घोड्यावरून आले आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकून गेले. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायचं, बायकांचंसुद्धा. पुढं निवडणूक होणार, त्यातून काही माणसं दिल्लीला जाणार, काही हैदराबादला, आणि त्या सगळ्यांनी मिळून राजाच्या जागी राष्ट्रपती निवडायचा, असं त्यांनी मला घाईघाईत समजावलं.

तेच मी रात्रीच्या जेवणाला आईला समजावलं. मी पाळण्यात असताना वडील गेले. तेव्हापासून लोकांच्या रानात खुरपून तिनं मला वाढवलं आणि शिकवलं. तिनं तव्यावरची भाकरी उलथायची थांबवली आणि म्हणाली, "म्हंजी राजाच्या जागी कोण बसायचं, ते आमाला इचारणार? बायकास्नी बी?" मी हो म्हटलं. भाकरी करपली. इतक्या वर्षांत तिच्या हातची भाकरी करपलेली मी तेवढीच पाहिली.

मी घरोघर फिरू लागलो. यादी म्हटलं की लोकांना सरकार सक्तीनं उचलायचं ती धान्याची लेव्ही आठवायची. तरी पुरुष कसंबसं नाव सांगत. बायकांचं नाव विचारलं की सगळं अडायचं. नवरा भिंतीकडं बघत म्हणायचा, "लिवा की आमची मंडळी म्हणून." बाई स्वतः परक्या माणसाला नाव सांगायची नाही, आणि मीही मान वर करून विचारायचो नाही. पेठेतल्या लिंगायत वाण्याच्या आईनं तर मला कानडीत काहीतरी सुनावलं आणि दार लावून घेतलं. आईला सोबत घेतलं असतं तर एकूण एक बाईनं तिच्या कानात नाव सांगितलं असतं. पण खुरपणाऱ्या बाईला सरकारी कामाला सोबत न्यायचं, हे माझ्या डोक्यात कसं येणार! मी ठोकत गेलो: अमक्याची बायको, तमक्याची सून.

शेवटच्या दिवशी आमच्या आळीची पाळी होती. संध्याकाळी घरी आलो तर आई न्हाऊन, सणाचं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. मी कागद खुंटीवरच्या पिशवीत टाकले आणि जेवायला वाढ म्हणालो. ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच तिनं विचारलं, आपल्या घरचं लिहायचं नाही का. मी हसलो. आपल्या घरचं काय विचारायचं, ते कधीच लिहिलंय, म्हणालो. ती आत गेली आणि लुगडं बदलून चुलीपुढं बसली.

लिहिलं होतं ते 'मास्तराची आई' एवढंच. खरी गोष्ट अशी की मला तिचं नाव माहीत नव्हतं. माहेरचं नाव लग्नात पुसलं गेलं, सासरचं ज्यानं ठेवलं तो उरला नाही, आजी तिला 'ए धाकटे' म्हणायची आणि गाव 'मास्तराची माय'. शाळेच्या दाखल्यावर बापाचंच नाव लागायचं. तेवीस वर्षांच्या शिकलेल्या मुलानं आईला तुझं नाव काय म्हणून विचारायचं, याची मला शरम वाटली. येडशीला मामा होते, कधी तिकडं गेलो तर त्यांना विचारू, असं मनाशी ठरवून मी झोपलो. मी येडशीला गेलो नाही.

महिन्याभरानं कागद परत आले. नाव नसलेल्या बायका यादीतून कमी करण्यात येतील, चार दिवसांत दुरुस्ती करावी, असा शेरा होता. पुन्हा दीडशे दारं कोण पुजणार? मी शाळेपुढच्या लिंबाखाली बसलो. आत पोरं पाढे ओरडत होती आणि बाहेर मी बायकांची बारशी उरकत होतो. आधी नद्या संपवल्या, मग देव्या, मग फुलं. तोंडानं फटकळ असलेल्या एका बाईला मी सगळ्यात नाजूक फुलाचं नाव दिलं आणि एकटाच हसलो. आईच्या वाट्याला नदी आली. चांगली मोठी, पुण्य देणारी नदी निवडली, एवढीच काय ती माझी मातृभक्ती.

यादी चावडीपुढं जाहीर वाचायची असते, हे मला ठाऊक होतं. बायका ऐकायला येतील, हे ध्यानीमनी नव्हतं. त्यांना आई घेऊन आली. माझ्या लेकानं सगळ्यांची नावं लिहिलीत, ऐकायला चला, असं ती आठवडाभर विहिरीवर सांगत होती. पंचवीस-तीस जणी डोक्यावरून पदर घेऊन मारुतीच्या पाराआड बसल्या. गिरदावरसाहेब चावडीच्या ओट्यावर बसून स्वतः वाचू लागले.

तिसऱ्या की चौथ्या घराला तेल्यानं हात वर केला. "सायेब, ह्या नावाची बाई आमच्या घरात न्हाय." आधी लोक हसले. पुढच्या घराला तसंच झालं, त्याच्या पुढच्यालाही. मग कुणी हसेना. साहेबांनी कागद खाली ठेवले आणि माझ्याकडं पाहिलं. नोकरी गेली, हे मला समोर दिसत होतं.

तेवढ्यात पाराआडून आई उठली आणि साऱ्या पुरुषांच्या देखत पुढं आली. म्हणाली, "सायेब, बायका लाजत व्हत्या, म्हणून म्याच मास्तरला नावं सांगितली. माझी चूक हाय."

साहेबांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी कागद चाळून आमचं घर काढलं आणि विचारलं, "बाई, तुमचं तरी नाव बरोबर आहे का?" आणि ती नदी मोठ्यानं वाचली. आईनं ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती माझ्याकडं बघेल म्हणून मी मान खाली घातली. ती बघत होती की नाही, मला सांगता येणार नाही.

"व्हय," ती म्हणाली, "बरूबर हाय."

मग साहेबांनी तिलाच कामाला लावलं. ती एकेकीजवळ जायची, बाई तिच्या कानाशी लागायची, आई नाव मोठ्यानं सांगायची आणि मी खोटं खोडून खरं लिहायचो. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्या घरी जाऊन तिनं नावं आणली. पेठेतल्या म्हातारीनंही तिला सांगितलं. दिवस मावळायच्या आत गावातल्या झाडून साऱ्या बायकांची नावं खरी झाली, फक्त आईचं सोडून. तिचं बरोबर असल्याचं तिनं स्वतःच सांगितलं होतं.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, तुझं खरं नाव सांग, चार दिवसांनी गुपचूप बदलून टाकतो. "सायबाम्होरं व्हय म्हणले न्हवं? आता दुसरं सांगितलं तर तुझी नवकरी जायची," असं ती म्हणाली आणि पीठ मळू लागली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. अख्ख्या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. मी पुन्हा विचारलं नाही.

निवडणूक व्हायला पुढं दोन वर्षं गेली. ज्वारी हुरड्यावर आली होती. एक चिठ्ठी दिल्लीची, एक हैदराबादची. शाळेतच मतदान होतं. मतदान घेणारे साहेब बाहेरगावचे, नवे, आणि त्यांच्या शेजारी यादी घेऊन मी. आदल्या दिवशी मी आईला ते नाव तीनदा म्हणायला लावलं होतं. तिनं ते बिनचूक म्हटलं होतं.

ती बायकांच्या रांगेत पहिली होती. साहेबांनी नाव विचारलं. तिनं पदर नीट केला आणि एक नाव सांगितलं. नदीचं नव्हे. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. लहानसं, साधं, गावरान नाव. मला कळलं की हे तिचं आहे.

साहेबांनी मला यादीत बघायला सांगितलं. मी बोट फिरवलं. बोट नदीपाशी थांबलं होतं. ही माझी आई आहे, नाव मी चुकीचं लिहिलंय, एवढं बोललो असतो तर साहेबांनी बहुधा सोडलं असतं. पण मग नाव चुकलं कसं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "या नावाची बाई यादीत नाही."

आई तिथं क्षणभर उभी राहिली. नदीचं नाव तिला आठवत होतं, ते सांगायला अजून वेळ होता. तिनं सांगितलं नाही. मागच्या बाईला पुढं व्हायला जागा दिली आणि बाहेर गेली. तिनं गोळा केलेल्या साऱ्या जणींनी एकामागून एक आपापली नावं सांगितली, आणि ती सगळी यादीत सापडली.

संध्याकाळी घरी जायची माझी छाती होईना. गेलो तेव्हा ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी काहीतरी पुटपुटू लागलो. पुढच्या यादीत दुरुस्त करू, असं काहीसं. पुढची यादी निघायच्या आधीच ती गेली, पण त्या संध्याकाळी ते कुणाला माहीत होतं! तिनं मला पुरतं बोलू दिलं नाही.

"माझं नाव ऐकलंस न्हवं?" तिनं विचारलं.

मी व्हय म्हणालो.

"मग बास," ती म्हणाली, आणि फोडलेल्या शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं.