साडूभाऊ आणि पाल

आमच्या साडूभाऊंइतका पालीला घाबरणारा माणूस कल्याणपासून ठाण्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. आणि आपण का घाबरतो हे त्यांच्याइतकं रंगवून सांगणाराही नाही. आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं ना! डोंबिवलीच्या त्यांच्या घरात पाल चुकचुकली की मेव्हणी 'कृष्ण कृष्ण' म्हणते आणि हे अनवाणी थेट सोसायटीच्या गेटवर. तिथून फोन, "गेली का?" गेल्याची खात्री पटली की वर येऊन चहा पितापिता कारणं सांगायची. लहानपणी गावी जेवताना आढ्यावरची पाल मानेवर पडली, तेव्हापासून मेंदूने पाल आणि दचकणं यांची गाठ मारून ठेवलीय. शिवाय पळालं की सुटल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पळतच राहतो आणि भीती तशीच राहते. एका जुन्या मताप्रमाणे तर आपण घाबरतो वडिलांना, आणि नाव मात्र पालीचं घेतो. हे ऐकून मेव्हणी म्हणाली, "अहो, मग सासरे ट्यूबलाइटमागे आलेत, नमस्कार तरी करा." साडूभाऊ पुन्हा गेटवर!

हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण एका कारणाशी आले की त्यांचा आवाज बसायचा. मुलं भीती बघून शिकतात. त्यांची मुलगी लहान असताना घरात पाल निघाली, तेव्हा ती पोर पालीकडे बघतच नव्हती, बापाच्या तोंडाकडे बघत होती. आज ती कळव्याला संसार करते आणि पाल दिसली की किंचाळत पलंगावर चढते. "पालीने तिला काही केलं नाही हो," साडूभाऊ मला म्हणाले. "जे केलं ते माझ्या चेहऱ्याने."

म्हणून नात झाल्यावर त्यांनी ठरवलं, हिच्यासमोर घाबरायचं नाही, मेलो तरी चालेल. आणि या गृहस्थाने ते पाळलं! इतकं, की आता कळव्याला पाल निघाली की चार वर्षांची नात आईला सांगते, "आजोबांना बोलव. ते नाही घाबरत."

गेल्या रविवारी मी तिथेच होतो. साडूभाऊ केरसुणी घेऊन स्वयंपाकघरात शिरले. ओठ पांढरे, शर्ट पाठीला चिकटलेला. हात पुढे करून खिडकी उघडली आणि पाल पडद्यावरून थेट त्यांच्या बाहीवर. ते जागचे हलले नाहीत. "बघ, कशी बसलीय," ते नातीला म्हणाले. आवाज विहिरीतून यावा तसा. पाल मनगटापर्यंत सरकली, थांबली, मग खिडकीबाहेर गेली. नात टाळ्या पिटत राहिली.

ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. थरथर दिसू नये म्हणून हात मांडीखाली दाबून धरले. मुलीने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला, तोही मधे उभी राहून, म्हणजे पोरीला आजोबांचा चेहरा दिसू नये. लेकीला सगळं ठाऊक होतं. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात आतून हाक आली, "आजोबा, अजून एक आहे!"

साडूभाऊ उठायला लागले. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा बाबा," ती म्हणाली. केरसुणी उचलली, ओढणीने तोंड पुसलं आणि आत गेली. मिनिटभराने तिचा कापरा आवाज आला, "अगं, केवढीशी आहे ही!"

साडूभाऊंनी डोळे मिटून घेतले.