मामाचं मीठ

मालगुंडकडून येणाऱ्या सकाळच्या एस.टी.चा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी खाली उतरला, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. एरवी मामीने पाठवलेली कोकमांची पिशवी तो खिडकीतूनच द्यायचा. "बाई, दत्तूमामा गेले. पहाटे, झोपेतच..." एवढंच बोलून तो गाडीत चढला. मी वर्गात जाऊन हजेरीचं पुस्तक उघडलं, पण एकही नाव दिसेना.

मामा चिरेखाणीतला माणूस. आठवडाभर जांभा दगड फोडायचा, आणि शिमगा आला की देवीची पालखी नाचवायचा. पालखी खांद्यावर घेऊन गिरकी घेता घेता तो गुडघ्यावर बसायचा आणि तसाच उठायचा, तेव्हा आम्ही भाचरं उगाच भाव खायचो. पुढे रक्तदाब निघाला, गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. मामीने सुकी मासळी, खारातल्या कैऱ्या, पापड सगळं घराबाहेर काढलं आणि सगळ्या घराचं जेवणच अळणी केलं. काही वर्षांनी मामाचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर कंपवात म्हणाले. मामाला त्याचीही मजा. "बरं झालं गो, विडीची राख आता आपसूक झडते!"

मग मात्र मजा संपली. बाजेवरून उठला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा अंगणात पडला. कंपवात पायात उतरला असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्याला बसवूनच ठेवलं. त्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा मामा पडवीत बसूनच हात जोडत होता. "देवी माझ्या अंगणात आली नि मी बसलेला..." म्हणाला आणि ढसाढसा रडला. मी मामाला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी हट्टाने त्याला रत्नागिरीला आणलं. इथल्या डॉक्टरांनी रक्तदाब आधी झोपवून घेतला, मग उभं करून घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हा आजार नुसता हातापायांत राहत नाही, म्हणाले. माणूस उभा राहिला की रक्तवाहिन्यांनी आवळून रक्त वर पोचवायचं असतं, यांच्या त्या ढिल्या पडल्यात. त्यात जुनी गोळी दाब आणखी उतरवते आणि पोटात मीठ नाही. पडणं आहे ते यामुळे. त्यांनी ती गोळी थांबवली, मीठ आणि पाणी वाढवायला सांगितलं. उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. आणि रोज चालायचं, त्याने हृदयही बरं राहतं आणि पायही मोकळे.

मामी काही केल्या ऐकेना. "एकानं बंद केलान, दुसरा चालू करतो. माणूस माझा हाय, डाक्टरांचा नाय!" मी समजावलं, भांडले, शेवटी रुसून बसले. तेव्हा कुठे तिने मामाच्या पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. तिचा हात कापत होता. मामा म्हणाला, "तुला पण झाला वाटतं गो कंपवात!"

हळूहळू तो उठायला लागला. बसायचा, पाय हलवायचा, आम्हाला थांबवायचा. "थांबा, कलेक्टरसाहेब उठतायत!" हाताचा कंप गेला नाही, चाल आखडलेलीच राहिली, पण अंधारी यायची थांबली. पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली, तेव्हा तो पायऱ्या उतरून गेला. क्षणभर पाय जमिनीला चिकटले. ढोल वाजत होता... पाय सुटले. त्याने दांड्याला खांदा दिला आणि दोन पावलं नाचला. ओटी भरताना मामीला समोरचं काही दिसत नव्हतं.

आता बारावं झाल्यावर मी मामीजवळ जेवायला बसले. माझ्या ताटातलं कालवण मीठमसाल्याचं, तिचं वेगळ्या भांड्यातलं, अळणी. जुनी सवय असेल, असं मी इतके दिवस धरून चालले होते.

"मामी, आता कुणासाठी गो अळणी खातेस?"

"देवीला बोललेली मी. ह्यांना पालखीखाली उभं कर, मी मीठ सोडीन."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मामाला माहीत होतं?"

"नाय बा. कळलं असतं तर त्यांनी पण सोडलं असतं," मामी म्हणाली, "नि परत पडले असते."