रिकाम्या जागेवरचा माणूस

टेकडीवर जाणाऱ्या रोपवेच्या मशीन रूममध्ये नियमाप्रमाणे दोन माणसं लागतात. एक मोटर बघणार, दुसरा पोलादी दोरावर नजर ठेवणार. प्रत्यक्षात तिथे बरीच वर्षं एकच ऑपरेटर आहे. दुसरी जागा भरायची प्रक्रिया चालू आहे. आणि प्रक्रिया हा प्रकार असा की ती चालू असते तोवर बाकी काही होत नाही.

ऑपरेटर विधुर. घरी बोलायला भिंती आणि इथे मोटर. दुसऱ्या माणसासाठी तो साहेबांच्या मागे लागला होता, ते कामासाठी की गप्पांसाठी, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं.

एका दुपारी वीज गेली आणि जनरेटरनेही मान टाकली. ट्रॉल्या दरीवर लटकलेल्या, आत माणसं. अशा वेळी मोठं हँडल लावून दोर हाताने ओढायचा असतो, तोही दोघांनी आळीपाळीने. याने एकट्याने ओढला. अंधार पडायच्या आत सगळे सुखरूप उतरले आणि आपापल्या घरच्यांच्या गळ्यात पडले. ऑपरेटरने हात धुतले आणि दाराला कुलूप लावलं.

त्यावर सिनेमा निघाला, 'सत्य घटनेवर आधारित'. आता एक माणूस तोंडातून अवाक्षर न काढता हँडल फिरवतोय, हे तिकीट काढून कोण बघणार? म्हणून त्याला एक जोडीदार देण्यात आला: जाडा, बडबड्या, हातापेक्षा तोंड जास्त चालवणारा. कंपनीला वर्षानुवर्षं न भरता आलेली जागा सिनेमावाल्यांनी एका बैठकीत भरली. जोडी तुफान चालली. टीव्हीवर मालिकाही आली.

धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, इतका गोड माणूस रोज तुझ्याबरोबर, आणि घरी एकदाही आणला नाहीस?"

"अगं, असा कोणी नाहीच मुळी."

"म्हणजे भांडलास त्याच्याशी! तुझं पटलंय का कधी कोणाशी?"

ऑपरेटर सिनेमा पुन्हा पुन्हा बघून आला. लोकांना वाटलं, स्वतःला बघायला जातो. तो दुसऱ्याला बघायला जात होता.

पुढे कंपनीने सत्कार ठेवला. व्यासपीठावर दोन गुच्छ तयार होते. ऑपरेटरने संधी साधली.

"साहेब, ती दुसरी जागा तेवढी भरा."

"अहो, दोघं असताना तिसरा मागताय?" साहेब म्हणाले, आणि सभागृह हसलं.

"दोघं नव्हतो. तिथं मी एकटाच होतो."

 मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बघा! सगळं श्रेय एकट्यालाच हवंय!"

साहेबांनी प्रसंग सावरला, दोन्ही गुच्छ त्यालाच दिले, आणि त्या आठवड्यात प्रक्रिया बंद केली. सिनेमात खुद्द साहेबांचं काम करणाऱ्या नटाने दोघांना शाबासकी दिली होती. त्याला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

मशीन रूमच्या खिडकीशी मात्र गर्दी वाढली. लोक आत डोकावायचे, दुसरा दिसत नाही म्हणून विचारायचे, 'कोणी नाही' हे उत्तर ऐकून हिरमुसले होऊन जायचे. ऑपरेटरशी बोलायला कोणी थांबत नसे. सिनेमातही त्याला फारशी वाक्यं नव्हती.

एके दिवशी एक बाई गुडघा धरत पायऱ्या चढून आल्या. "तुमचे ते दुसरे कुठे आहेत?"

ऑपरेटरने दोराकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"जेवायला गेलेत."

"मग थांबते थोडी. आलेच आहे तर बघूनच जाते."

बाई आत येऊन हत्यारांच्या पेटीवर टेकल्या. हा दोर तुटत कसा नाही, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. गुडघ्याचं सांगून झालं, सुनेचं झालं, डॉक्टर कसा नुसता हसतो तेही झालं. हात लिव्हरवर ठेवून ऑपरेटर हुंकार देत होता, मध्येच एखादं वाक्यही. बायकोच्या गुडघ्याचं त्याने सांगितलं. ट्रॉल्या येत होत्या, जात होत्या.

"फार वेळ लावतात हो जेवायला," बाई म्हणाल्या.

"तसाच आहे तो," ऑपरेटर म्हणाला. "सावकाश जेवतो."