डाव्या हाताची विळी

"हातात तर घ्या," असं म्हणून भाभी विळी पुढं सरकवायच्या आणि गप्प बसायच्या. भाव नंतर. समोरची बाई विळी जमिनीवर मांडायची, गुडघा दाबून बघायची, हवेतच कांदा चिरायची आणि भाभी तिच्या मनगटाकडे टक लावून बघत राहायच्या. मग एक तर "ही तुमचीच," म्हणायच्या, नाहीतर विळी चक्क काढून घ्यायच्या. "ही नको. तुम्हाला उंच होतीय."

मालाची तारीफ करणारे विक्रेते तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. गिऱ्हाइकाच्या हातातून माल परत घेणारी बाई मी एकच पाहिली.

शिरूरच्या बाजारात भांडीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी त्यांचं पोतं अंथरलेलं असे. विळ्या, सुऱ्या, खुरपी, दोन-चार तवे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारालाही जायच्या. भट्टी मुळात त्यांच्या मालकांची. ते गेल्यावर पंधरा दिवसांत भाभी स्वतः भट्टीपाशी बसल्या. "त्यांच्यामागं घण मीच मारत होते की. फरक एवढाच, आता धारपण मीच लावती," असं त्या सांगायच्या, जसं काही घराचं कुलूप उघडावं इतकी साधी गोष्ट होती ती.

एकदा रांजणगावच्या कंपनीतला एक माणूस गणवेशातच आला. "भाभी, एक चांगली विळी द्या पटकन. ड्युटीला जायचंय."

"कुणाला पायजे?"

"मिसेसला."

"मग त्यांना घेऊन या. चप्पल घेताना दुसऱ्याचा पाय पाठवता का तुम्ही?"

माणूस हसत, थोडा चरफडत निघून गेला. पुढच्या बाजाराला बायकोला घेऊन आला. मी नेमकी तिथंच होते. त्या बाईनं सगळ्यात लहान विळी उचलली आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्यानं पाकीट काढू लागला.

मी इथल्याच शाळेत शिकवते. ज्या वर्षी माझ्या नवऱ्याला कंपनीनं सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं, त्याच वर्षी, तो जाण्याच्या थोडं आधी, सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. काठी घेऊन त्या चालायला लागल्या, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. कवठे येमाईच्या मळ्यात वीस-वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं रांधलेली बाई. आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली की मागं वळायची. एकदा मी भाजी निवडायला पुढ्यात ठेवली, तर म्हणाल्या, "निवडून काय करू? चिरायला तूच लागणार. मी आपली आयतं खाणारी." त्यानंतर त्या जेवणही अर्ध्यावर सोडायला लागल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत नणंद त्यांच्यापाशी राहिली आणि मी महिनाभर जर्मनीला गेले. निघण्याआधी भाभींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिथल्या सुऱ्या बघून या. आन् धार कोण लावून देतं ते इचारा."

तिथं एका मोठ्या दुकानाचा अख्खा मजला स्वयंपाकाच्या वस्तूंचा होता. मी नुसती फिरत राहिले. लसूण सोलायचं वेगळं, अंड्याचं टरफल काढायचं वेगळं, स्ट्रॉबेरीचा देठ काढायचं वेगळं. सुऱ्या काचेच्या कपाटात कुलूपबंद. पण काउंटरवरच्या बाई फार चांगल्या होत्या. नवऱ्यानं त्यांना सासूबाईंचं सांगितलं. त्या आत जाऊन एक पांढरी फळी घेऊन आल्या. एका हातानं काम करणाऱ्यांसाठी खास बनवलेली. वर टोकदार खिळे, त्यात कांदा-बटाटा रोवायचा म्हणजे हलत नाही. खाली रबरी चकत्या, म्हणजे फळी ओट्याला घट्ट चिकटते. बाईंनी विचारलं, "कुठला हात चालतो?" डावा म्हटल्यावर त्यांनी डाव्या हाताची सुरी काढून माझ्या हातात दिली, एक गाजरही दिलं. मी डाव्या हातानं गाजर कापलं आणि मला तिथंच रडू फुटलं. बाईंनी कागदी रुमाल पुढं केला.

घरी येऊन मी ती फळी मोठ्या हौसेनं सासूबाईंपुढं ठेवली. सासूबाई आयुष्यभर जमिनीवर बसून चिरत आल्या. आजारपणानंतर ओट्यापाशी उभं राहणं त्यांना जमेना. खाली आमच्या घरात शहाबादी फरशी, जरा खडबडीत. त्या रबरी चकत्या तिला चिकटेनात. सासूबाईंनी बटाटा खिळ्यांवर रोवला, सुरी टेकवली आणि बटाट्यासकट फळी सरकत भिंतीला जाऊन लागली. त्यांनी सुरी खाली ठेवली. "परदेशातनं आणलीस. राहू दे, कपाटात चांगली दिसंल," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पुढच्या बाजाराला मी फळी पिशवीत घालून भाभींकडे नेली. त्यांनी ती उलटीपालटी केली, खिळ्यांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता नावं ठेवणार. पण त्या म्हणाल्या, "डोकं चांगलं चालवलंय हो ज्यानं केली त्यानं." मग फळी आपल्यापाशीच ठेवून घेत विचारलं, "आजी बसतात कशा?"

मी रोज बघत होते, पण सांगता येईना.

"मग मीच येते."

दोन दिवसांनी भाभी आल्या. चहा घेतला नाही. सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, चिरू नका. नुसतं चिरायला बसता तशा बसा." सासूबाई नाखुशीनंच बसल्या. भाभी समोर फतकल मारून बघत राहिल्या. डावा पाय किती दुमडतो, उजवा कुठं पडून राहतो, वाकल्यावर तोल कुठं जातो. सुतळीनं मापं घेतली, गाठी मारल्या.

"काय करणार हायेस?" सासूबाईंनी विचारलं.

"कडब्याचा अडकित्ता बघितलाय ना तुम्ही? जनावरांसाठी कडबा तोडतात तो? तसला करती. बारका."

पहिला नमुना फसला. पाटाच्या एका टोकाला पातं खिळीवर बसवलं होतं, दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ दाबली की पातं खाली यायचं, भाजी कापायची. पण खिळी इतकी घट्ट, की सासूबाईंना दाबताना सगळं अंग टाकावं लागलं आणि त्या कलंडल्या. मी धावले. त्या माझ्यावरच ओरडल्या, "बास झाले तुमचे खेळ!"

माझा धीर सुटला. भाभींचा नाही. त्यांनी सासूबाईंना सरळ बसवलं, पाठीमागं उशी दिली आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय, आजी, तुमची न्हाई. लोखंड माझं ऐकतं. आठ दिवस द्या."

आठव्या दिवशी दुसरा नमुना आला. पाट लांब केलेला, डावा पाय पुरा बसेल असा. खिळी सैल, मूठ बाभळीची, सासूबाईंच्या मुठीत मावेल एवढी. आणि पात्याखाली त्या जर्मन फळीचेच दोन खिळे, कानशीनं घासून आखूड केलेले. फळी मोडली म्हणून मला क्षणभर वाईट वाटलं. भाभींना ते कळलं असावं. "दुकानातली वस्तू चांगलीच होती, मॅडम. तिला फक्त आपलं घर म्हाईत नव्हतं," म्हणाल्या.

सासूबाईंनी भेंडी ठेवली. मूठ दाबली. टक. पुन्हा ठेवली. टक. पहिल्या चकत्या अंगठ्याएवढ्या जाड पडल्या. पाचव्या-सहाव्या भेंडीला हात बसला. मी गॅस पेटवायला पुढं झाले तर म्हणाल्या, "तू सर. मला दिसंना झालंय."

ती भेंडी त्यांनीच परतली. जरा करपली. भाभींना त्यांनी जबरदस्तीनं पानावर बसवलं आणि वाढताना हातातला डाव अर्ध्यात थांबला. "डाव्या हातानं कसं वाढू गं तुला?"

"काम ह्याच हातानं केलं ना? मग वाढणार कुठल्या हातानं?" असं म्हणत भाभींनी ताट पुढं ओढलं आणि दोनदा भाजी मागून घेतली.

त्यानंतर आमच्या घरात रोजची भाजी सासूबाईंचीच. मला सवड नाही म्हणून नव्हे, परवानगी नाही म्हणून.

पुढं भाभींचे गुडघे गेले. भट्टीपुढं बसवेना, तेव्हा लेकीनं त्यांना दौंडला नेलं. अधूनमधून फोन यायचा. बोलणं माझ्याशी कमी, सासूबाईंशीच जास्त. दोघी अर्धा तास कालवणांवर भांडायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या लेकीचाच फोन आला. भाभी गेल्या होत्या, झोपेतच. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "त्यांच्याकडं आज चूल पेटणार न्हाई. लेकरं उपाशी असतील." आणि उठून मोठं पातेलं काढायला सांगितलं.

मसालेभात केला, वांग्याची भाजी केली. भाकरी फक्त माझ्याकडून थापून घेतल्या. न्हावऱ्यावरून दौंडला पोचेपर्यंत डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

घर बायकांनी भरलेलं होतं. लेक भिंतीला टेकून बसली होती; सकाळपासून पोटात काही नाही, असं कुणीतरी सांगितलं. सासूबाई काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या, सावकाश खाली बसल्या, डबा उघडला, ताट वाढलं. पोरीनं एक घास घेतला. मग दुसरा.

"आजी, एवढं सगळं कुणी केलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "मीठ बरोबर हाय का?"

पोरीनं मान डोलावली आणि डोळे पुसत ताट पुन्हा पुढं केलं.