पारावरची जागा

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात ग्रामसभा पिंपळाच्या पारावर भरते. पुरुष पारावर बसतात, बायका समोरच्या भिंतीपाशी उभ्या राहतात. मी सरपंच झाले, तरी नवऱ्यानं सांगून टाकलं, "तू नमस्कार करून भिंतीपाशी जा, बाकीचं मी बघतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण उद्याच्या पहिल्या सभेत, सगळ्या गावासमोर पारावर चढायची छाती होईल का, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी फिलाडेल्फियात शिकणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. अमेरिकेची राज्यघटना जिथं बसून ठरवली, ते सभागृह ती दाखवत होती. हिरवं कापड अंथरलेली टेबलं, लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या. "आतलं बोलणं बाहेर फुटू नये म्हणून भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून बसायचे," ती म्हणाली.

"गुदमरली न्हाईत का?" सासूबाई फोनमध्ये तोंड खुपसून म्हणाल्या. "आन् बाया कुठं बसायच्या?"

"बाया नव्हत्याच, आजी."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि भाकरी न खाताच आडव्या झाल्या. मला वाटलं, पित्त झालं असेल.

सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाल्या. पारासमोरून जाताना आयुष्यभर चपला हातात घेतलेल्या सासूबाईंनी पिंपळाला हात जोडले आणि माझा खांदा धरून सरळ वर चढल्या. "सरक रं जरा," लेकाला म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. आमच्याकडं सासू उभी असताना सून बसत नाही. म्हणून त्या आधी बसल्या होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळच लागला.

"ये की वर. गावानं तुला निवडून दिलंय, ह्याला न्हाय."

मी चढले. त्या माउलीचे उपकार या जन्मी तरी फिटायचे नाहीत. पहिला विषय पिण्याच्या पाण्याचा होता. मी काय बोलत होते ते शेजारच्यालाही कळत नसेल. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"मोठ्यानं बोल. तिकडं बायांना ऐकू येईना."